हिरव्या खुणांची रांग

१२ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न.

तू फोनवर ऐकत नाहीस आणि ऐकू येत नाही हे मान्यही करत नाहीस, म्हणून पत्र. सोबत कागदांचा गठ्ठा आहे. घाबरू नकोस, वाचून खुणा करायच्या आहेत.

खनिज खात्यात मला नवं काम मिळालंय. कुठल्या डोंगरावर कोणी खाण मागितली, अर्ज कुठवर आला, हे सगळे कागद कायद्यानं लोकांसाठी उघडे आहेत. उघडे म्हणजे काय, तर कपाटाला कुलूप नाही, एवढंच. ते कपाट कुठल्या खोलीत आहे हे विचारायला गेलेला माणूस संध्याकाळी घरी परत जातो. आता आम्ही एक वेबसाइट करतोय. कुणीही आपल्या गावाचं नाव टाकावं आणि आपल्या भोवतालच्या खाणींचं काय चाललंय ते बघावं. परवानगीच्या प्रत्येक टप्प्याची माहिती मी लिहिलीय: तो टप्पा म्हणजे काय, कोण करतं, त्यानं काय ठरतं आणि काय ठरत नाही. लिहिताना डोळ्यांपुढे आपलीच टेकडी होती. तिच्यातल्या चुनखडीसाठी कंपनीनं अर्ज केला तेव्हा, कसली खाण नि कसलं काय म्हणून गल्ली कशी हसली होती, आठवतं?

ऑफिसातला नकाशेवाला म्हणतो की मजकूर छान झालाय. पण तो सगळ्यांनाच छान म्हणतो. मला तुझी नजर हवी. तू हॉस्पिटलच्या औषधखिडकीत जन्म काढलास. लोकांना कागदावरचं काय समजतं आणि काय नाही, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

आणि नेहमीचं: माझ्या घरातली दुसरी खोली रिकामी आहे. कधी येतेस?

तुझी
भिंगरी


२३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गठ्ठा वाचला. चहा दोनदा गार झाला. तू हुशार आहेस हे मला आधीच माहीत होतं, ते सिद्ध करायला एवढी पानं नकोत.

औषधखिडकीवर माणूस येतो तेव्हा त्याच्या मागे रांग असते, कडेवर पोर असतं आणि डोकं घरच्या आजाऱ्यात असतं. डॉक्टरनं अर्धं पान लिहिलेलं असायचं. मी बाटलीवर लिहायची: "जेवणानंतर." बस. नव्या मुली कामाला आल्या की सगळं समजावून लिहायच्या, हे घेतल्यानं असं होतं, न घेतल्यानं तसं होतं. लोक ते वाचायचे नाहीत आणि बाटली हलवून निघून जायचे. मग मी त्या मुलींना ओरडायची. त्यांतली एक अजून रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

तेव्हा "काय ठरतं आणि काय ठरत नाही" हे सगळं काढ. काय झालं आणि काय राहिलं, तेवढंच एका नजरेत दिसू दे. चौकोन कर, झालं तिथं खूण कर. सोबत तुझे कागद परत पाठवते आहे. लाल रेघा मारल्या आहेत त्या ओळी गेल्या असं समज. त्यांची दया करू नकोस.

इकडे सगळं ठीक. शेजारच्या सुतारानं कारखान्यात नवं करवतयंत्र आणलं आहे. ते सुरू झालं की मलासुद्धा ऐकू येतं. त्याची बायको रोज दुपारी येऊन गल्लीच्या बातम्या देते, त्यातल्या निम्म्या तिनं स्वतः तयार केलेल्या असतात. टेकडीवरच्या झऱ्याला या वर्षी पाणी चांगलं आहे, गल्लीचा हौद काठोकाठ असतो.

खोलीबद्दल: आठव्या वर्षी तू माझ्याकडे आलीस, तेव्हा मी तुला सांभाळलं. त्याची परतफेड म्हणून मला सांभाळायचा विचार असेल तर तो सोडून दे. मला माझं घर आहे.

तुझी
मावशी


१६ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न.

झालं! तुझ्या लाल रेघांनी माझा अर्धा महिना खाल्ला, पण झालं.

आता प्रत्येक खाणीसाठी चौकोनांची एक रांग आहे. अर्ज मिळाला, शुल्क भरलं, नकाशा जोडला, जमिनीची पाहणी, पर्यावरणाचा अहवाल, जनसुनावणी, अंतिम निर्णय. टप्पा झाला की चौकोनात हिरवी खूण. खाली एकही ओळ नाही. नकाशेवाल्याला खाली बारीक अक्षरात टिपा हव्या होत्या. मी म्हटलं, माझ्या मावशीला विचारून ये. तो तुला न बघताच घाबरला.

साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, एवढ्या वर्षांत आपल्या खात्याचं काम मला आज पहिल्यांदा समजलं. मग सगळ्यांना चहा. आमच्याकडे साहेबांनी चहा पाजणं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं.

आजपासून वेबसाइट लोकांसाठी खुली आहे. सुताराच्या मुलीकडे फोन आहे ना? तिला आपल्या गावाचं नाव टाकायला सांग आणि बघ. खरं सांगायचं तर साहेबांच्या चहापेक्षा तू काय म्हणतेस याची मला जास्त धाकधूक आहे.

तुझी
भिंगरी


८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पाहिलं. स्वच्छ काम आहे. एकही शब्द जास्त नाही. मला अभिमान वाटला.

तुझी दुसरी खोली अजून रिकामी असेल, तर मी तुझ्याकडे राहायला यायचं म्हणते. कायमचं. गुडघे हल्ली कुरकुर करतात, आणि या वयात एकटीनं राहण्यात काही शहाणपण नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला येईन.

फार प्रश्न विचारू नकोस. टेबल आणीन, बाकी सामान थोडंच आहे.

तुझी
मावशी


१४ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न.

तुझं पत्र मी जिन्यातच फोडलं आणि तिथेच खाली बसले. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, काही वाईट बातमी आली. त्या पाणी घेऊन धावत आल्या. मी त्यांना म्हटलं, माझी मावशी येतेय. त्या म्हणाल्या, मग रडता कशाला?

खोली रिकामी आहे का म्हणून विचारतेस! खोलीतली अडगळ मी त्याच दिवशी काढली. पलंग खिडकीशी ठेवलाय. सकाळचं ऊन तिथे येतं आणि समोर शाळा आहे. तुला मुलांचा गलका ऐकू येणार नाही, पण त्यांना शिस्त नाही हे दिसेल, म्हणजे तुझा वेळ चांगला जाईल.

मावशी, तुला कधी सांगितलं नाही, पण ऑफिसातून आल्यावर कुलूप उघडताना मला वाटायचं, आत कुणीतरी खोकावं. कुणीतरी विचारावं, एवढा उशीर का. आता तू विचारशील, आणि मी चिडेन, आणि तरी मला किती बरं वाटेल.

गुडघे कधीपासून दुखतात? डॉक्टरला दाखवलंस का? घराचं काय करणार आहेस? हे प्रश्न नाहीत, चौकशी आहे.

तुझी
भिंगरी


२६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पलंग खिडकीशी नको, वारा लागतो. भिंतीशी लाव. खोलीच्या दाराची रुंदी मोजून कळव. टेबल शिसवीचं आहे, ते कापून आत न्यायची वेळ येऊ नये.

मी आवराआवर सुरू केली आहे. मापाचे पेले आणि जुना खल हॉस्पिटलला दिला. तुझ्या शाळेच्या वह्या रद्दीत घालणार होते. सुताराच्या बायकोनं त्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि मला चार शब्द सुनावले. तेव्हा त्या येताना आणीन. एकूण गल्लीत सगळ्यांचीच आवराआवर चालू आहे. सुतार हमरस्त्यावर जागा बघतो आहे. त्याचं यंत्र तिथे बसेल का, हाच त्याला घोर.

परवा मी आणि सुताराची बायको झऱ्यापर्यंत चढून गेलो, तोंडाशी पाला अडकला होता तो काढला. वर बसून भाकऱ्या खाल्ल्या. ती फार बोलली नाही, हे तिच्या स्वभावात बसत नाही.

घराचं होईल. त्याची काळजी तू करू नकोस.

तुझी
मावशी


२ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न.

दाराची रुंदी मोजली, टेबल सहज जाईल. ही बातमी आधी देते, कारण पुढचं वाचून तू रागावणार आहेस.

ज्या बाईचे गुडघे कुरकुर करतात, ती टेकडी चढून झऱ्यातला पाला काढते, हे मला पटत नाही. आपल्या घरापासून झऱ्यापर्यंत मी लहानपणी दोनदा थांबायची. आणि सगळी गल्ली आवराआवर कशाला करतेय? सुताराच्या बापानं बांधलेला कारखाना सोडून तो हमरस्त्यावर का जातोय? त्याची बायको गप्प का? ती बाई दातांच्या डॉक्टरचा हात तोंडात असतानासुद्धा बोलत होती, हे तूच मला सांगितलंस.

मावशी, मी लहान होते तेव्हा तू कडू औषध गोड म्हणून पाजलं नाहीस. "कडू आहे, गिळ," एवढंच म्हणायचीस. आता काय कडू आहे ते सांग.

तुझी
भिंगरी


९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सांगते. तुझ्या मनाला लागेल म्हणून सांगत नव्हते.

तू लिहिलंस त्याप्रमाणे सुताराच्या मुलीला फोनवर गावाचं नाव टाकायला सांगितलं. कारखान्यातच बसलो होतो. गल्लीतले बरेच जण जमले होते, कारण तुझ्या कामाचं मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. पडद्यावर आपली टेकडी आली, आणि तिच्यापुढे ती चौकोनांची रांग. सगळे चौकोन हिरवे. शेवटचे दोन तेवढे कोरे.

मग सुतार म्हणाला, "मावशी, हे खरं असेल?"

मी म्हटलं, "माझ्या भाचीनं केलंय. चुकायचं नाही."

एकेक जण उठून घरी गेला. एवढं सगळं झालं आहे, आता राहिलं काय? शेवटच्या दोन खुणा आज ना उद्या होतीलच. खाण आली की झरा आटणार, हौद कोरडा पडणार, सुरुंगांनी भिंती तडकणार. त्यानंतर घर विकत कुणी घेणार नाही. दुसऱ्याच आठवड्यात कंपनीचा माणूस घरं विकत घ्यायला गल्लीत आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. हातात तुझ्याच वेबसाइटचा छापील कागद. तो काही आग्रह करत नाही. फक्त तो कागद दाखवतो आणि म्हणतो, सावकाश ठरवा. या महिनाअखेरी गल्लीतले सगळे एकदम सह्या करणार आहोत. मीही.

जनसुनावणीची नोटीस नगरपालिकेच्या दाराला लागली आहे, वीस तारखेची. कुणी जाणार नाही. ठरलेल्या गोष्टीवर भाषणं द्यायला आम्हाला वेळ नाही.

तुला लिहिलं नाही, कारण तू महिनोन्महिने खपून एक चांगली गोष्ट केलीस. तिनं पहिली वाईट बातमी आपल्याच घरी आणावी, हे तुला कळायला नको होतं. यात तुझा दोष नाही. जे आहे ते तू दाखवलंस. आणि तुझ्याकडे येण्याचं मला दुःख नाही, हेही लक्षात ठेव. घर सोडण्याचं आहे. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुझी
मावशी


१३ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न.

हे पत्र कुरिअरनं पाठवतेय. मिळाल्यावर उभ्या उभ्या वाच.

काहीही ठरलेलं नाही. सही करू नकोस.

त्या हिरव्या खुणा म्हणजे कंपनीनं कागद आणून दिले, एवढंच. अर्ज मिळाला, हिरवी खूण. पैसे भरले, हिरवी खूण. नकाशा जोडला. कुणीतरी जमीन बघून गेलं. कंपनीनं स्वतःच लिहून घेतलेला अहवाल दाखल केला. यात टेकडीचं काहीही ठरत नाही. ठरायला सुरुवात होते ती सहाव्या चौकोनापासून, आणि तो आहे जनसुनावणी. म्हणजे तुम्ही. सरकारी माणूस खुर्ची टाकून बसतो आणि गल्लीतल्या प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेतो. ते निर्णयाच्या कागदांना जोडावंच लागतं. अशा सुनावणीनंतर परत पाठवलेले अर्ज मी स्वतः हाताळलेत. आणि सुनावणीला कुणीच आलं नाही, तर तिथे लिहिलं जातं: हरकत नाही.

पहिल्या मसुद्यात मी हे सगळं लिहिलं होतं. "काय ठरतं आणि काय ठरत नाही." त्यावर तू लाल रेघ मारलीस, आणि मी ती ओळ काढली. तुला दोष देत नाही. तू औषधाच्या बाटलीचा विचार केलास. मी तर या खात्यात बसते. आमच्याकडे फाइल पुढे सरकली की सगळ्यांना बरं वाटतं, म्हणून खूण हिरवी. ज्यांच्या डोक्यावर ती फाइल येऊन पडणार आहे, त्यांना ती खूण कशी दिसेल हे माझ्या मनातही आलं नाही. मला माहीत होतं की काही ठरलेलं नाही. मग ते लिहायचं कशाला, असं वाटलं.

आज सकाळी साहेबांकडे गेले. पानावरची एक ओळसुद्धा त्यांच्या सहीशिवाय बदलता येत नाही. ते म्हणाले, यात खोटं काय आहे? खरंच खोटं काही नाही, मावशी. म्हणूनच मला धड भांडताही येईना. रोज जाणार आहे.

सुतारालाही फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या मावशी सांगतात ठरलं, तुम्ही सांगता ठरलं नाही. आधी तुमच्या घरात काय ते एकदा ठरवा." म्हणजे गल्ली माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल.

आणखी एक सांगायचं आहे. तुझं पत्र मला परवाच मिळालं होतं. ते वाचलं आणि एक पूर्ण दिवस मी काहीच केलं नाही. ऑफिसात गेले, आले, तुझ्या खोलीत जाऊन भिंतीशी लावलेल्या पलंगावर बसले. मी गप्प राहिले असते तर तू डिसेंबरात इथे असतीस. सह्या झाल्या असत्या, कुणाला काही कळलं नसतं, आणि मला रोज संध्याकाळी कुणीतरी ओरडलं असतं. हे मला किती हवंय ते तुला ठाऊक नाही. हा विचार माझ्या मनात आला आणि एक दिवस राहिला, हे तुला कळलं पाहिजे.

आता लिहिलं. सुनावणीला जा. सगळ्यांना घेऊन जा. मग तू इकडे येणार नाहीस, हे मला समजतं.

तुझी
भिंगरी


२२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्या उभ्या वाचलं. मग चपला घातल्या आणि गल्लीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात एकच वाक्य म्हटलं: मी चुकीचं सांगितलं, काही ठरलेलं नाही, वीस तारखेला नगरपालिकेत चला. एवढ्या वर्षांत मी लोकांना खूप सूचना दिल्या, पण "चुकीचं सांगितलं" हे शब्द जिभेला सवयीचे नव्हते. चौथ्या-पाचव्या घरानंतर जमू लागले. सुतार दारात उभा राहून ऐकत होता. मी म्हटलं, हसायचं असेल तर हसून घे. तो म्हणाला, "मावशी, हसत नाही. यंत्राचे बोल्ट कालच खोललेत, ते पुन्हा बसवायचे म्हणून रडू येतंय."

वीस तारखेला सभागृहात गेलो. अधिकाऱ्यानं खुर्च्यांच्या दोनच रांगा मांडून ठेवल्या होत्या. आम्ही आत शिरलो तसा तो उठून शिपायाला शोधू लागला. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. कंपनीच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली, त्यांत टेकडीवर झाडं होती, आता आहेत त्यापेक्षा जास्त. मग लोक बोलले. सुतार भिंतींबद्दल बोलला, मी झऱ्याबद्दल. कोणी चांगलं बोललं, कोणी अडखळलं, एकानं आपल्या भावकीचं भांडण मध्येच आणलं, त्याला खाली बसवलं. सुताराची बायको उठली तेव्हा मला वाटलं, आता संध्याकाळ इथेच. पण ती म्हणाली, "हौद कोरडा पडल्यावर पाणी कुठून आणायचं, तेवढं सांगा." आणि उभीच राहिली. कंपनीच्या माणसानं अहवालाची पानं उलटली. पुन्हा उलटली. ती बसायला तयार नव्हती. शेवटी अधिकारी म्हणाला, झऱ्याच्या पाण्याचा अभ्यास अहवालात नाही, तो झाल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. त्यानं ते लिहून घेतलं आणि आम्हाला वाचून दाखवलं.

यानं खाण टळली असं नाही. मी गल्लीत तसं कुणाला म्हणूही दिलं नाही. पण सह्या होणार नाहीत. बाहेर तो इस्त्रीवाला भेटला आणि हसून म्हणाला, ती वेबसाइट तुमच्या भाचीचीच ना? मी म्हटलं, हो, आणि ती दुरुस्त करायचं काम चालू आहे.

तेव्हा ते काम कर. माझ्या लाल रेघेबद्दलही सांगते. "जेवणानंतर" हे मी खोकल्याच्या औषधावर लिहायची. जखमेला लावायच्या औषधाच्या बाटलीवर मात्र सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, "पिऊ नये" असं लिहायची, कारण तिथे माणूस चुकला तर संपला. तुझी बाटली दुसऱ्या प्रकारची होती, मी तिला पहिल्या प्रकारचं लेबल लावायला सांगितलं. पानाच्या डोक्यावर लिही: अजून ठरलेलं नाही. त्याखाली लिही: तुमचं म्हणणं अमुक दिवशी, अमुक ठिकाणी सांगा. चौकोन त्याच्या खाली.

त्या एका दिवसाबद्दल तू लिहिलंस. ते वाचून मी रागावले नाही. तू लिहिलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं, आणि तरी लिहिलंस. यापुढे काही म्हणत नाही. म्हणायला लागले तर पत्र भिजेल आणि शाई कच्ची आहे.

तुझी
मावशी


५ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न.

पान बदललं. कसं ते ऐक.

साहेब ऐकेनात. खोटं काय, खोटं काय, हेच पालुपद. शेवटी सोमवारी मी त्यांना म्हटलं, तुमच्या सासुरवाडीचं नाव टाकून बघा. त्यांना वाटलं, मला वेबसाइटचं कौतुक हवंय. त्यांनी हौसेनं टाकलं. तिथल्या माळावर कुणीतरी दगडाची खाण मागितलीय. हिरव्या खुणांची रांग आली. साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, "अरे, मग सासऱ्यांचं शेत गेलं की!" आणि त्यांचा हात बायकोला फोन लावायला खिशाकडे गेला.

नकाशेवाला छताकडे बघत होता. मावशी, ज्या माणसानं या टप्प्यांवर आयुष्यभर सह्या केल्या, तो घाबरला. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते खाली बसले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "बदला." चहा नाही मिळाला. पण सही मिळाली.

आता पानाच्या डोक्यावर तुझी ओळ आहे, मोठ्या अक्षरांत. तिच्याखाली सुनावणीचा दिवस आणि जागा. हिरवा रंग काढून टाकला. कंपनीनं दिलेले कागद एका बाजूला, सरकारनं ठरवायच्या गोष्टी दुसऱ्या बाजूला, मधे लोकांचं म्हणणं. प्रत्येक गोष्टीखाली एक ओळ: यानं काय ठरतं आणि काय ठरत नाही. आपल्या टेकडीच्या पानावर पहिलं म्हणणं सुताराच्या बायकोचं आहे, जसं बोलली तसंच. तिला सांग. नको, राहू दे, ती गावभर सांगेल. पण सांग.

इकडे थंडी पडलीय. पलंग भिंतीशीच आहे, खोलीत मी पुन्हा काही ठेवलं नाही. मी बरी आहे. तू घरी आहेस आणि हौदात पाणी आहे, हे आठवलं की खरंच बरी असते.

तुझी
भिंगरी


१५ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

नवं पान सुताराच्या मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. शब्द जास्त आहेत. असू देत.

मी येत्या शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते. फेब्रुवारीअखेरपर्यंत राहीन. टेबल आणणार नाही. किल्ली सुताराच्या बायकोकडे देणार आहे, ती रोज खिडक्या उघडेल आणि माझ्या कपाटात काय काय आहे ते सगळ्यांना सांगेल.

इतकी वर्षं तू बोलावत होतीस आणि मी येत नव्हते, कारण मला वाटायचं, एकदा दाराला कुलूप लावलं की घर हातचं गेलं. मग ऑक्टोबरात यायला निघाले होते ते मला हुसकून लावत होते म्हणून. आता मला कुणी हुसकून लावत नाही. घर माझं आहे, ते तिथेच राहील, आणि मला तुझ्याकडे यावंसं वाटतं आहे. एवढं सोपं कारण सापडायला हे वय उजाडावं लागलं.

गाडी संध्याकाळी पोचते. स्टेशनवर घ्यायला यायची काही गरज नाही, पत्ता माझ्याजवळ आहे आणि बॅग हलकी आहे. आलीसच तर वेळेवर ये.

तुझी
मावशी